घुंगरं खाली ठेवली तेव्हा

“ही इथे खाली कुणी ठेवली?” सुधाकाकूंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला.

मस्कतमधल्या एका एक्झिबिशन कंपनीत मी माउंट बनवायचे. माउंट म्हणजे काचेच्या पेटीत वस्तूला धरून ठेवणारा आधार. त्या वेळचं प्रदर्शन होतं ब्रिटन आणि नुकताच स्वतंत्र झालेला भारत यांच्यातल्या सांस्कृतिक देवाणघेवाणीचं. त्यांचे बॅले इकडे आले, आपले नर्तक तिकडे गेले. सुधाकाकू त्यांतल्याच. तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या, मस्कतमधेच अल खौदला प्रोफेसर मुलाकडे राहायच्या. लंडनच्या दौऱ्यात बांधलेली कथकची घुंगरं त्यांनी आम्हाला प्रदर्शनापुरती दिली होती.

मी ती छातीच्या उंचीवर लावली होती. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी येऊन बघते तर लंडनहून आलेल्या कन्सल्टंटने, ग्रॅहमने, ती गुडघ्याखालच्या पेटीत हलवलेली. शेजारी कुणा बॅले डान्सरचे बूट. वर पाटी, ‘पायात घालायच्या वस्तू’. काकू नातवाला दाखवायला म्हणून मुद्दाम लवकर आल्या होत्या.

“ग्रॅहम, घुंगरं बांधायच्या आधी कपाळाला लावतात. बुटांच्या रांगेत ठेवत नाहीत,” मी म्हटलं.

“पण शेवटी पायातच घालता ना?” तो हसला.

माझं डोकं फिरलं. मी तशीच आमच्या बॉसना, मेनन सरांना, बोलावून आणलं.

“अरे यार, वो एक्सपर्ट है,” सर म्हणाले. “स्पॉन्सर भी उनका. रहने दो, खलास.”

साहेब कधीचा गेला, पण आमच्या सरांची कंबर अजून वाकलेलीच!

काकू सरांशी हिंदीत बोलल्या. “लंदन में हमने स्टेज को नमस्कार किया, और उनका मैनेजर जूते पहनकर उसी पर चला. गुरुजी बोले, जूते उतारो, नहीं तो परदा नहीं खुलेगा. हॉल भरा था. उसने उतारे. गुरुजी को तो अंग्रेज़ी भी नहीं आती थी. आपको आती है ना?”

सर मोबाइल बघायला लागले.

“माझी घुंगरं दे गं,” काकू मला म्हणाल्या.

ग्रॅहम कराराचं काहीतरी बोलू लागला. किल्ली माझ्याकडे होती. मी पेटी उघडली. काकूंनी घुंगरं कपाळाला लावली, पिशवीत ठेवली आणि नातवाचा हात धरून निघून गेल्या.

दुपारी सरांनी मत्रहच्या बाजारातून शोभेची घुंगरं आणवली आणि त्याच पेटीत, त्याच पाटीखाली ठेवली. संध्याकाळी पाहुण्यांनी वाकून वाकून त्यांचं कौतुक केलं, फोटो काढले. ही कुणाची, असं एकानेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. मेमोचं काही नाही, पण त्या फोटोंची चीड आजही जात नाही.

आता कुठलीही वस्तू हातात आली की तिचं माप मी नंतर घेते. आधी मालकाला विचारते, “घरी ही कुठे ठेवता?”