पाणी कमी होतं का?

माझ्या बायकोला बोधगया पाहायची होती. लग्न झालं त्या वर्षीपासून म्हणायची आणि मी दर उन्हाळ्यात म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." शाळा, परीक्षा, पेपर तपासणी, पोरांची शिक्षणं. माझी रिटायरमेंट आली तोवर तिचे गुडघे गेले. एसटीच्या पायऱ्या हात धरून चढता येतात, पण लॉजमधल्या संडासात बसायचं कसं? "मी आता कुठं जाऊन राहिले या गुडघ्यांनी," असं ती हसत म्हणायची. तिचं ते हसणं मला सहन व्हायचं नाही.

म्हणून मी गाडी घेतली. जुनी डिझेलची मिनीबस होती. कुणीतरी हौसेनं आत दोन पलंग, गॅसचा छोटा ओटा, पाण्याची टाकी बसवलेली, आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड खुर्चीचा संडास. बायकोनं सगळी गाडी सोडून आधी त्या खुर्चीवर बसून पाहिलं आणि म्हणाली, "आता कुठं बी न्या मला." आमच्या जवळा बाजार गावात असली गाडी कुणी पाहिली नव्हती. गल्लीत तिचं नाव पडलं, सरांचं फिरतं घर.

घेताना ती म्हणाली होती, "सोबत मिस्त्री घेऊन जा, दोन गोष्टी बघंल तो." मी उखडलो. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, ज्वलन म्हणजे काय हे फळ्यावर हजारदा लिहिलं, आणि मला इंजिन कळत नाही का? गेलो एकटाच. विकणाऱ्याच्या अंगणात गाडी उभी होती. बॉनेटवर हात ठेवला तर गरम. मला वाटलं, भला माणूस आहे, आपल्यासाठी आधीच चालू करून ठेवली. एका चावीत सुरू झाली, धुराचा मागमूस नाही. मी खूश! गाडी विकणारा इंजिन आधी गरम करून ठेवतो, ते कशासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही.

थंडीतल्या पहिल्या सकाळी चावी फिरवली. गाडी कुरकुरली, थरथरली आणि मागून पांढरा धूर सुटला. गल्लीचं दुसरं टोक दिसेना. समोरची बाई वाळत घातलेले कपडे ओढत घरात पळाली. शेजारी दात घासत भिंतीशी उभा होता, तो म्हणाला, "सर, डासाची फवारणी करून राहिले का?" मी हसलो. म्हणालो, "डिझेलची गाडी हाय, थंडीत थोडा टाकणारच." दहा मिनिटांनी इंजिन तापलं आणि धूर विरला. मग रोज हेच. मी पहाटे सगळे उठायच्या आत गाडी चालू करायला लागलो, म्हणजे बघायला कुणी नको.

रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी बघायचं काम मी बायकोला दिलं होतं. आठ-दहा दिवसांनी ती म्हणाली, "अहो, रोज तांब्याभर पाणी घेऊन राहिली ही. खाली तर थेंब दिसत न्हाई. जातं कुठं?"

कुठं जातं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हे इथं सरळ लिहून टाकतो, कारण तेव्हा सरळ बोललो नाही त्याची शिक्षा मी भोगतोय. पाणी खाली गळत नसेल तर ते आत जातंय, सिलेंडरमध्ये, आणि वाफ होऊन मागून निघतंय. नववीच्या पोरानं हे उत्तर लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. पण ते मान्य करायचं म्हणजे इंजिनाचं डोकं, सिलेंडरवरचं ते जाड झाकण, खोलायचं. डोकं खोलायचं म्हणजे गावाला कळणार की सरांच्या गळ्यात कुणीतरी भंगार मारलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी बायकोला म्हणालो, "बाष्पीभवन होतं." सातवी शिकलेली माझी बायको म्हणाली, "असंल." आणि रोज तांब्याभर पाणी टाकत राहिली.

शेवटी धूर गल्लीच्या तोंडी झाला तेव्हा मिस्त्रीला बोलवावंच लागलं. औंढ्याच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची एकच अट होती. "सर, गाडी थंडी पायजे. मी येईपर्यंत चावीला हात लावू नका. गरम गाडी खरं सांगत न्हाई."

सकाळी सातला तो यायचा होता. साडेसहाला मी बायकोला म्हणालो, "आज जरा लवकर भरून ठेव पाणी." काहून, असं तिनं विचारलं नाही.

मिस्त्रीनं बॉनेटला हात लावून पाहिला. गार होता. रेडिएटरचं झाकण काढलं, काठोकाठ भरलेलं. मग त्यानं गाडी चालू केली आणि धुरातच उकिडवा बसला. सायलेन्सरपुढं तळहात धरला, नाकाशी नेला. एक पुठ्ठा धरला, तोही हुंगला. मग म्हणाला, "काळा धूर असता तर डिझेल जादा जाऊन राहिलं म्हणलो असतो. निळा असता तर ऑइल जळतं. पांढऱ्याची तकलीफ हाय, सर. तो दोन्हीकडून येतो. कच्चं डिझेल, न्हाई तर पाणी. वास डिझेलचा हाय, पण पुठ्ठा लई ओला झाला." तो उठला, हात पुसले. "एकच सांगा. पाणी कमी होतं का?"

बायको दारात उभी होती, तांब्या हातात. शेजारी ब्रश तोंडात धरून भिंतीवरून ऐकत होता.

मी म्हणालो, "न्हाई."

"बराबर? थेंबभर बी न्हाई?"

"अहो मिस्त्री, एकदा सांगितलं ना, न्हाई!"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. बस, पाहिलं, आणि ती आत गेली. मिस्त्री म्हणाला, "मंग डोकं खोलत न्हाई. तुमी शिकलेले माणसं, तुमच्या शब्दावर चालतो." थंडीत चालू करायच्या आधी सिलेंडर तापवणारे जे हीटर प्लग असतात, ते त्यानं काढून तपासले. चारातले दोन खरंच मेलेले निघाले. ते बदलले आणि धूर निम्मा झाला. माझ्या खोट्याला जणू दाखलाच मिळाला. मी शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बघा, एवढंच होतं."

पंधरा दिवसांनी आम्ही निघालो. तिनं पांढरी नवी साडी वेगळ्या पिशवीत घडी करून घेतली होती, बोधगयेत नेसायला. गल्लीतल्या बायांनी तिच्याजवळ अगरबत्त्या, मेणबत्त्या दिल्या, आमच्या नावानं लावा म्हणाल्या. हिंगोलीत चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "पाणी बघून घ्या ना एकदा." चहाच्या टपरीवर सात-आठ माणसं गाडी न्याहाळत उभी होती. मी म्हणालो, "काही लागत न्हाई."

हिंगोली सोडून कनेरगावच्या वाटेला लागलो आणि थोड्याच वेळात इंजिन खडखडायला लागलं. पुढून वाफ उसळली. गाडी रस्त्याच्या कडेला गेली आणि तिथंच बसली. माणसं जमली. आणि मी काय केलं? फोन काढला आणि सगळ्यांपुढं मिस्त्रीवर तोंड सोडलं. "गाडीची वाट लावली तुमी माझ्या! काम येत न्हाई तर हात काहून लावता?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तिकडून तो एवढंच म्हणाला, "चुकलं असंल माझं, सर. येतो मी."

कामं टाकून तो मोटरसायकलवर आला. तोवर इंजिन निवलं होतं. त्यानं झाकण काढलं, आत बॅटरी मारली. रेडिएटर कोरडा ठाक. त्यानं बॅटरी बंद केली. मग हळू म्हणाला, "सर, तुमी तर म्हणले होते..."

"मी काय बी म्हणंन! तपासायचं काम कुणाचं?"

तेव्हा बायको गाडीतून उतरली. गुडघ्यांमुळे तिला एकेक पाय खाली ठेवायला वेळ लागतो. सगळे थांबले. दाराची दांडी धरूनच ती म्हणाली, "भाऊ, पाणी कमी होत होतं. रोज तांब्याभर. मी टाकत होते. तुमी आले त्या दिवशी बी टाकलं होतं."

मिस्त्रीनं विचारलं, "मंग ताई, काहून न्हाई बोलल्या तवा?"

"ह्यांनी न्हाई म्हणलं होतं ना. मी व्हय म्हणले असते तर चार माणसांत हे खोटे पडले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं फक्त कारण सांगितलं. जमलेल्यांपैकी कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं, पण जमिनीत कुणाला जाता येतं? मी उभाच राहिलो. मिस्त्रीनं दोर आणवला, एका ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि गाडी मागं लावायला वाकला. आम्ही एसटीनं परत आलो. पायऱ्या चढताना मी हात पुढं केला, तर तिनं दांडी धरली.

इंजिनाच्या डोक्याला चीर गेली होती. वेळीच खोललं असतं तर साध्या पॅकिंगवर निभावलं असतं, असं मिस्त्रीनं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मी त्याची माफी मागितली. "राहू द्या, सर," म्हणाला आणि पान्हा फिरवत राहिला. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर मी चार लोकांना सांगितलं की चूक माझी होती, मिस्त्रीची नाही. लोक म्हणाले, "जाऊ द्या, सर, मशीन हाय ते." त्यांना वाटलं मी मोठेपणा दाखवतोय. म्हणजे खरं बोललो तरी त्यातून माझाच मान वाढला! याचीही लाज वाटली.

थंडी सरायच्या आत गाडी घरी आली. तीन दिवस मी उजाडल्यावर, गल्लीदेखत, थंड इंजिन चालू केलं. धूर नाही. पाण्याची पातळी केसभर हलली नाही. चौथ्या दिवशी आत आलो. बायको तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "गाडी नीट झाली. बोधगयेला निघू या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि फोन घेतला. मला वाटलं, बहिणीला सांगते.

"भाऊ," ती फोनवर म्हणाली, "सर म्हणून राहिले गाडी नीट झाली. खरं हाय का?"

मी तिथंच, तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. पलीकडून मिस्त्री काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदा "आन् पाणी?" असं विचारलं. मग "बरं" म्हणून फोन ठेवला.

"सोमवारी निघू," ती मला म्हणाली आणि सूप परत पुढ्यात ओढलं.