घण आणि ऐरण

बोथट झालेला कोयता शेवटून घ्यायला बाजारातल्या लोहाराकडे गेलो होतो. लाल झालेला कोयता सांडशीत धरून तो ऐरणीपाशी उकिडवा बसला होता. समोर त्याची बायको घण उचलून उभी. तिचा एक डोळा सुजून काळानिळा पडलेला.

“हाण!” तो खेकसला.

घण आदळला. ठिणग्या उडाल्या, तिचा खांदा मागे हिसकला. ऐरण काही ठेवून घेत नाही. जेवढा घाव, तेवढाच उलटा, तिथल्या तिथे. माणसं मात्र घाव साठवतात. आणि घण एकदा खाली निघाला, की देवालाही आवरत नाही. लोहाराची बोटं घाव पडतो तिथून वीतभर.

“राती मला असंच हाणलं न्हवं तुमी?” घण डोक्यावर नेत ती म्हणाली.

सांडशीवरची त्याची बोटं मागे सरकली. “हाण” म्हणायला त्याचं तोंड उघडेना.