हौदातला हिरवा पाला

हे बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज का सांगतोय, ते विचारू नका — बाळगून दमलोय, एवढंच.

दुष्काळाच्या त्या वर्षी मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात केमिस्ट होतो. रंग पक्का करायला आम्ही क्रोम वापरायचो. त्याचं विषारी पाणी ओढ्यात जायचं. मी ते मागच्या हौदात अडवून त्यात जलपर्णी सोडली. ती मुळांनी क्रोम ओढून घेते, पाणी निवळतं. मालक पाहुण्यांना हौद दाखवायचे — "आमच्या केमिस्टची करामत!" मी लाजायचो. आवडायचंही.

पण ओढून घेतलेलं विष जातं कुठं? झाडातच राहतं की. पानं जाळून मी राख तपासली होती — क्रोम होतं. म्हणून उपसलेली जलपर्णी खोल पुरायची, हे मीच ठरवलेलं. पण खाली कडक मुरूम. पहार उसळायची, गडी कुरकुरायचे, ढीग वाढायचा. शेवटी मालक म्हणाले, हा उकिरडा हटत नसेल तर हौदच बुजवू.

अशात धुराबाई आली. मेंढरं घेऊन मागच्या माळावर उतरलेली धनगरीण. सगळा मुलूख करपलेला. हिरवा तेवढा आमचा ढीग.

"सायेब, ह्ये टाकूनच देताय न्हवं? मेंढरांना चालंल का?"

नाही म्हणायला काय झालं होतं? पण नाही म्हटलं, तर का ते सांगावं लागणार. मग विषाचा बोभाटा. मग माझा हौद —

"चालेल की," मी म्हणालो.

रोज भारा नेऊ लागली. "मेंढरांचं लगीन हाय जनू, रोज पंगत!" म्हणून हसायची. ढीग हटला. हौद वाचला.

पुढं तिची मेंढरं एकेक करून आडवी होऊ लागली. दुष्काळात मरतातच — या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली, सांगू?

एके दिवशी नुकत्याच उपसलेल्या पाल्याशी टेकून बसली. निम्मा कळप गेला होता.

"आईचा नवस ऱ्हायला माजा, तिचाच कोप ह्यो. तुमच्या पाल्यावर तर इतके दिस तगली, सायेब. लई उपकार."

मी मान हलवली. तेव्हा तरी बोलायचं होतं — उरलेली तरी वाचली असती. नाही बोललो.

तिनं भारा बांधला. "जरा हात लावा की," म्हणाली.

मी तो उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.