जिभाऊंचे पोटभर जेवलेले राजे

पुराणातला असो की इतिहासातला, आमच्या जिभाऊंच्या हाताखालून गेलेला एकही राजा आजवर उपाशी झोपलेला नाही. लहान मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या गोष्टींत राज्यं बुडतात, वनवास होतात, हत्ती पिसाळतात, पण जेवणाची वेळ कधी चुकत नाही. "लढाई कोन जिंकनं ते पोरं इसरी जातस," ते मला बजावतात, "राजानं काय खादं ते नही इसरतस."

सुरतेच्या भेस्तान भागात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जिभाऊ समोरच्या सोसायटीत राहतात. धुळ्याकडून तरुणपणी सुरतेला आले, पलसाण्याच्या एका मिलमध्ये साड्या तपासून घड्या घालून घेण्याच्या खात्यात जन्म काढला, आणि निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवदर्शनाला लागतात तसे हे पुराणाला लागले. त्यांची सगळी पुस्तकं मीच टाइप केली. मी बीडचा, त्यामुळे त्यांची अहिराणी मला अर्धीच कळते. उरलेली ते माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेने बघून सांगतात की कळल्याचं सोंग करावंच लागतं. पुस्तकात मात्र त्यांची मराठी कडक इस्त्रीची असते.

खाण्याच्या बाबतीत ते इतके काटेकोर की एकदा टाइप झालेलं अख्खं प्रकरण घेऊन धापा टाकत दुकानात आले. कोण्या सम्राटाला त्यांनी वांग्याचं भरीत वाढलं होतं आणि त्यात हिरवी मिरची होती. त्या काळी आपल्याकडे मिरचीच नव्हती, हे त्यांनी आदल्या दिवशी कुठेतरी वाचलं होतं. मिरची काढली, मिरे घातले, पण खानदेशी माणसाच्या हातून बिनमिरचीचं भरीत वाढलं गेल्याचं दुःख त्यांना पुढे आठवडाभर पुरलं. अंतरांचंही तसंच. त्यांच्या सम्राटाचं सैन्य योजनांमध्ये मोजलेलं नसतं, ते भेस्तानच्या फाटकापासून थेट पलसाण्याच्या चौकापर्यंत उभं असतं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या जिन्यावर पोरांसमोर नवीन गोष्ट वाचली जाई. मिलमध्ये कापडावर डाग दिसला की तिथे लाल स्टिकर चिकटवायचा, ही त्यांची जन्माची सवय. वाचताना एखाद्या पोराने जांभई दिली, की जिभाऊ थांबत, खिशातून लाल स्टिकर काढत आणि त्या ओळीशेजारी चिकटवत. मग ती ओळ पुन्हा लिहायची. एकदा एका ऋषीच्या शापाला एवढे स्टिकर लागले की शेवटी त्यांनी तो शापच मागे घेतला.

या जिन्यावरची त्यांची खरी गिऱ्हाईक म्हणजे त्यांची आठ वर्षांची नात. शाळा गुजराती, भांडण हिंदीत, आणि आजोबांपुरतं मराठी. शाळा सुरू व्हायच्या आत तिचं बिऱ्हाड वडिलांच्या नोकरीपायी वापीला हलणार होतं. त्याआधी नवं पुस्तक छापून तिच्या हातात द्यायचं, असा शब्द जिभाऊंनी दिला होता. शेवटचीच गोष्ट उरली होती. भरसभेत राणीची साडी ओढली जाते, ओढणारा थकतो, पण साडी काही संपत नाही, ती गोष्ट. जिभाऊंनी ती जीव ओतून वाचली. साड्यांचे ढीग कसे छतापर्यंत गेले हे सांगताना तर ते स्वतः जिन्याच्या दोन पायऱ्या चढले. कोणी जांभई दिली नाही. आणि आजोबांना गुजराती रीतीने दादा म्हणणारी नात म्हणाली, "पण दादा, पछी... मग एवढी साडी उचलली कोणी? घडी कोणी घातली?"

ज्या माणसाने लाखो साड्यांच्या घड्या घालून घेतल्या, त्याला हा प्रश्न जन्मात पडला नव्हता. त्या दिवशी जिभाऊंनी कागदाला नाही, स्वतःच्या सदऱ्याला लाल स्टिकर लावून घेतला. पुढे तीन आठवडे पुस्तक अडलं. देवाने घातली म्हणावं तर पोरगी ऐकेना. सेवकांनी म्हणावं तर ती विचारी, "मग ओढताना ते कुठे होते?" इकडे नातीच्या घरी सामान बांधायला सुरुवात झाली होती आणि माझ्या दुकानात बाकी सगळी पानं तयार पडली होती.

जिभाऊंच्या पत्नी, आमच्या माई, गेली कित्येक वर्षं घरी साड्या आणून धागे कापायचं आणि घड्या घालायचं काम करतात. जिन्याकडचं दार उघडंच असे, पण गोष्ट ऐकायला त्या कधी जिन्यावर आल्या नाहीत, आणि कोणी त्यांना बोलावलंही नाही. एके दिवशी वर त्यांच्या घरी जिभाऊ माझ्यासमोर कपाळाला हात लावून बसलेले असताना माई हातातली साडी न सोडता म्हणाल्या, "देवनी साडी दिधी. घडी घालाले कोनी उनं नही. तिनीच घाली असंन."

जिभाऊंनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी ते तसंच लिहिलं: सभा उठून गेली आणि राणी एकटीच घड्या घालत बसली. नातीने मान्य केलं. पुस्तक तिच्याबरोबर वापीला गेलं.

आता रविवारी जिना रिकामा असतो. परवा मी वर गेलो, तर साडीचं एक टोक माईंच्या हातात, दुसरं जिभाऊंच्या. घरी त्यांना घडी घालताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माईंचे हात अलीकडे थरथरतात. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून जिभाऊ तोंडपाठ गोष्ट सांगत होते. राजा शिकारीहून आला, त्याने दूध-भाकरी आणि मध खाल्ला.

"राजा जेवना," माई म्हणाल्या. "मंग रानी कव्हय जेवनी?"

एवढे राजे जिभाऊंनी जेवू घातले, पण राणीचं पान कुठल्याच पुस्तकात मांडलेलं नव्हतं. ते नाही, हे मलाही टाइप करताना कधी दिसलं नव्हतं, याची मला लाज वाटली. स्टिकर काढायला त्यांचा एक हात खिशाकडे गेला, पण साडीचं टोक सुटेल म्हणून त्यांनी तो मागे घेतला.

"तू जेवनी का?" त्यांनी माईंना विचारलं.

दुपारचे तीन वाजले होते. माई म्हणाल्या, "एवढी घडी व्हई जाऊ दे."