व्यासपीठावर न आणलेली मुलगी

प्रा. वसुधाताईंची आणि माझी ओळख त्यांच्या एका आक्षेपाने झाली. खामगावला आमच्या महाविद्यालयात सायबर छळावर चर्चासत्र होते. तर्कशास्त्राचा अध्यापक म्हणून अध्यक्षस्थान माझ्याकडे होते. एका अभ्यासकाने निष्कर्ष मांडला, मुलींनी मोबाइल जपून वापरावा. मागच्या रांगेतून ताई उठल्या. "सर, चोरी झाली की तुम्ही घरमालकाच्या कुलपावर प्रबंध लिहिता का?" सभागृह हसले. मी हसलो नाही. प्रश्न बिनतोड होता.

या विषयातील संशोधनाचा ओघ आजही बहुतांशी तोच आहे. परदेशी प्रश्नावली आणायची, भाषांतर करून वर्गात वाटायची आणि सोसणारीचा स्वभाव, तिचा आत्मविश्वास, तिचा मोबाइलवरचा वेळ मोजायचा. छळणारा तळटीपेत. कर्त्याला वगळून कृत्याचे कारण शोधण्याला आमच्या शास्त्रात हेत्वाभास म्हणतात. येथे त्यावर पदवी मिळते.

ताईंनी उलट दिशा धरली. एका मुलीचे बनावट छायाचित्र तिच्या गावच्या ग्रुपवर फिरले, तेव्हा ते पुढे पाठवणाऱ्यांकडे त्या गेल्या. मी सोबत होतो. कृषी केंद्र चालवणारे, दोन लेकींचे वडील असलेले एक गृहस्थ घराच्या ओट्यावर चहा पुढे करत म्हणाले, "म्या कुठं बनवला मॅडम? म्या त फक्त पुढं धाडला."

"त्या ग्रुपात तिचे वडील आहेत, माहीत होतं?"

"हाव. म्हणूनच त सगळे हसून राह्यले होते."

ताईंनी चहाला हात लावला नाही. छळ एकटा माणूस करत नाही, हसणारे सारे मिळून करतात, हे त्यांचे प्रतिपादन त्या ओट्यावर सिद्ध झाले.

मुलीने शिक्षण सोडले होते. ताई सुटीच्या दिवशी एसटीने तिच्या घरी जात, स्वयंपाकघरात बसून तिला शिकवत. ती परीक्षेला बसली, ती ताईंचा हात धरून.

पुढे ताईंच्या शोधनिबंधाच्या परीक्षकांनी मूळ संदेश व छायाचित्र परिशिष्टात मागितले. ताईंनी मुलीला विचारले. ती म्हणाली, "गावानं पाह्यलं, आता तुमचे मोठे मोठे सरबी पाहतीन काय?" ताईंनी निबंध मागे घेतला. त्यासोबत पदोन्नतीही गेली. पुराव्याच्या नावाखाली जखम पुन्हा उघडी करण्याला संशोधन म्हणणाऱ्यांविषयी सौम्य शब्द मजजवळ नाहीत.

आणि आम्ही त्यांच्याहून बरे नाही. ताईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त सत्कार आणि हा गौरवग्रंथ यांसाठी नेमलेल्या समितीच्या बैठकीत त्या मुलीला व्यासपीठावर आणायची सूचना निघाली. ताईंनी नकार देताच एक सन्माननीय सदस्य म्हणाले, "काऊन नाही म्हणता मॅडम? पोरीले दोन मिनिटं बोलू द्या. लोकाइच्या डोळ्यात पाणी येईन, तुमचाच मान वाढन."

"भाऊ, तिकडे तिला पाहून हसले, इकडे रडतील. तिला पाहायला लोक बोलावणारे तेही आणि तुम्हीही," ताई म्हणाल्या.

ती मुलगी आज जिथे शिकते, तिथे यातले काही कोणाला ठाऊक नाही. ताईंनी बजावले: ती मंडपात दिसली, तर मी दिसणार नाही. समितीने माघार घेतली, पण पटून नव्हे. बैठक संपल्यावर तेच सदस्य माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, गाव तरी सांगा." ते या ग्रंथात नाही, आणि माझ्या तोंडूनही निघणार नाही.

ताई, दुसऱ्याच्या अब्रूचा तमाशा करू नये एवढे शहाणपण आम्हांला यायला फार वर्षे लागतील. तेवढी सारी वर्षे आपणांस निरोगी लाभोत; तोवर त्या मुलीच्या दाराशी राखणीला आपल्यावाचून दुसरे कोणी उभे नाही.