आधी आडोसा

आत्या आम्हा बायकांना लघवीचा रंग विचारायची, आणि तोही भर रस्त्यावर. सकाळी टेम्पोत चढताना, हातात डबा आणि खुरपं असताना, चारचौघांत. "रंग कसा हाय? हळदीवाणी का पाण्यावाणी?" टेम्पोचा ड्रायव्हर आरशातली नजर काढून घ्यायचा. उत्तर दिलं नाही तर ती पुन्हा विचारायची, आणि दर वेळी आवाज चढायचा. त्यामुळे शहाण्या बायका पहिल्याच वेळी सांगून मोकळ्या व्हायच्या.

ती काही नर्स नव्हती. कळसच्या खुरपणीच्या बायकांची जी टोळी होती, तिची ती मुकादमीण. आम्ही पंधराजणी. कुणाचा कांदा, कुणाची मका, कुणाची उसाची लागण, जो बोलावेल त्याच्या रानात जायचं. मी वडगाव निंबाळकरची. लग्न होऊन कळसला आले आणि दुसऱ्याच महिन्यात सासूनं मला आत्याच्या हवाली केलं. आत्या ती कुणाचीच नव्हती, पण गावात तिला दुसरं नाव उरलं नव्हतं.

शेतात पोचल्यावर खुरप्याला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. पहिल्यांदा चार काठ्या रोवायच्या. त्यांना एक जुनं हिरवं नऊवारी लुगडं गुंडाळायचं, एका बाजूला आत शिरायला पदर मोकळा ठेवायचा. मग प्रत्येकीनं तिच्या डोळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायचं. "आधी आडोसा, मंग पाणी, मंग खुरपं." ज्यांनी सपाट कांद्याच्या रानात उन्हाचा दिवस काढलाय, त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. उसात शिरावं तर साप, आताशा बिबट्याही. बांधाला जावं तर मालक. मग बायका सोपा उपाय करतात, सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

कुणी आडोशात गेली की आत्या बाहेर पाठमोरी उभी राहायची, हातात खुरपं घेऊन. एकदा एक मालक, गावात त्यांना सगळे तात्या म्हणत, मोटारसायकल लावून बघत उभे राहिले. खुरपायला आलाय का तंबू ठोकायला, असं म्हणाले. आत्या म्हणाली, "तात्या, जरा तिकडं तोंड करा. तितलं रान बी तुमचंच हाय." तात्यांनी केलं. पुढं त्यांना इतकी सवय लागली की आमची टोळी दिसली की ते आपोआप वळायचे. एकदा इंदापूरच्या बाजारात अगदी समोरासमोर आले, तर तिथंही वळून भेंडी निवडत बसले. भेंडी त्यांच्या घरीच पिकत होती.

आता माझा पराक्रम सांगते. मी नवी नवरी. पाणी प्यायलं की आडोशात जावं लागणार, आणि गेलं की सगळ्या रानाला कळणार, ही कशाला गेली ते. जीव गेला असता, पण मी गेले नसते. म्हणून तांब्या नुसता तोंडाला लावायचा आणि आत्याची पाठ वळली की कांद्याच्या वाफ्यात ओतायचा. रंग विचारला की "पाण्यावाणी". तो पाण्यावाणी नव्हता. मला उन्हाळी लागली, लघवीला आग व्हायची, मग हुडहुडी भरून ताप आला, आणि एका दुपारी मी वाफ्यातच आडवी झाले. मला उचलताना आत्याचा हात ओल्या मातीला लागला. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं.

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात तिनं मला सलाइन लावून घेतलं. मग म्हणाली, "कांद्याला मालक पाणी देतोय. तुजं तू पी." आणि त्याच सुरात तिनं लुगड्याची गोष्ट सांगितली. ते तिच्या थोरल्या जावेचं. दोघी एकाच टोळीत जायच्या, दोघी दिवसभर तहानलेल्या राहायच्या. जावेची किडनी गेली आणि मग जाऊ गेली. "डाक्टर म्हणला हुता, पाणी पीत जा. त्येचं काय जातंय? त्येच्या दवाखान्यात संडास हाय." जावेची लुगडी वाटली गेली तेव्हा आत्यानं हे हिरवं मागून घेतलं. घरच्यांना वाटलं, नेसायला घेतलं.

त्या दिवसापासून मी पाणी प्यायला लागले. पुढं मी गावची आशाताई झाले, त्यालाही आत्याच कारण. तुला तशी बी आता लाज उरली न्हाय, असं तिचं म्हणणं पडलं. मी आरोग्य केंद्रात तपासणीचं शिबिर ठेवलं तेव्हा तिनं सगळी टोळी रांगेत उभी केली, एकेकीला आत ढकललं आणि स्वतः दारात चपला राखत बसली. तिचा नंबर आला तेव्हा ती टेम्पो बघायला गेली होती. तिचे पाय सुजलेले मला दिसत होते. उभं राहून सुजतात, म्हणाली. मी मान हलवली. गळ्यात ओळखपत्र घालून मान हलवली.

वर्षभरानं तिला बारामतीला न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात, हे काही आजकालचं नाही. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि आठवायला लागले. इतक्या वर्षांत आत्या आडोशात गेलेली मी एकदाही पाहिली नव्हती. आम्हाला पाजून झालं की ती कळशी पालथी घालायची, तीही रोज माझ्या समोर. आत जाऊन तिला विचारलं, तर म्हणाली, "मी आत गेल्यावर भाईर कोण हुबं ऱ्हाणार? तुमी समद्या फिदीफिदी हसणाऱ्या."

मला तिचा भयंकर राग आला. अजून येतो. पण खरं सांगायचं तर लाज जास्त वाटते. पंधरा बायका रोज तिला आपला रंग सांगत होतो, आणि तुझा कसा आहे, हे एकीलाही विचारावंसं वाटलं नाही.

मग आठवड्यातून दोनदा बारामतीला डायलिसिस. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. सून वाटीनं द्यायची. आत्या वाटीकडे बघून म्हणायची, "आता येळ बी हाय, संडास बी हाय, तर पाणी न्हाय." सुनेला हसावं की रडावं कळायचं नाही, आणि आत्याच्या चेहऱ्यावरून काही पत्ता लागायचा नाही.

एकदा बारामतीहून येताना तिनं टोळीच्या रानाकडं गाडी वळवायला लावली. तेच तात्यांचं कांद्याचं रान. बायका धावत आल्या. आत्यानं कुणाची विचारपूस केली नाही, सरळ आडोशाकडे चालायला लागली आणि मला म्हणाली, "हुबी ऱ्हा भाईर." मी पाठ करून उभी राहिले. एका पोरीनं न सांगता माझ्या हातात खुरपं दिलं. आता तिला लघवी अशी होतच नव्हती, हे मला माहीत होतं, म्हणून बराच वेळ झाला तरी मी हाक मारली नाही. पलीकडं तात्या बांधावर होते. तेही पाठ फिरवून उभे होते.

आत्या बाहेर आली. लुगड्याची एक गाठ सुटत होती, ती तिनं आवळली.

"चांगला हाय की आडोसा," म्हणाली. "मला वाटत हुतं, वारं लागत आसंल."

दिवाळीच्या आधी ती गेली. तिची लुगडी वाटायची वेळ आली तेव्हा हिरवं कुणी मागितलं नाही, ते टोळीकडेच राहिलं. मधे फाटलं, तिथं ठिगळ लावलंय. मी अजून महिन्यातून एकदा रानात जाते, रजिस्टर घेऊन. काठ्या रोवलेल्या असतात, कळशी भरलेली असते. बाकीच्यांचं नंतर बघते. आधी जी बाहेर उभी असते तिच्यापाशी जाते, तिच्या हातातलं खुरपं काढून घेते आणि विचारते, रंग कसा हाय.