अक्कांसमोर घाबरताना

अक्कांनी आयुष्यात कुणाला ‘घाबरू नकोस’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही. धुळ्याच्या आमच्या वसतिगृहात त्या अधीक्षिका होत्या. शिक्षिका होण्यासाठी खानदेशातल्या खेड्यांतून आलेल्या आम्ही मुली घराच्या आठवणीने, परीक्षेच्या धास्तीने, कधी नुसत्या वाऱ्याच्या आवाजानेही त्यांच्या खोलीकडे धावत असू. त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, “घाबर ना, कोन नको म्हनस? पन आठे बसीसन घाबर, मन्हा समोर.” आणि ताटलीत भाकरी ठेवत. उपाशी पोटी घाबरले की भीती दुप्पट होते, हे त्यांचे ठाम मत होते. एरवी त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. पण कुणाच्या जिवावर बेतले की त्यांची अहिराणी जिभेवर येई, आणि मग आम्हांला उगाचच सुरक्षित वाटे.

सत्तावन्न सालच्या त्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली. हवेला कडुनिंबाच्या धुरीचा कडवट वास होता. जिन्याजिन्यावर फिनेलचा पांढुरका ओघळ वाळलेला असे. संस्थेच्या मंडळाने वसतिगृहाचे फाटक बंद करवले. आतली बाहेर जायची नाही, बाहेरचे आत यायचे नाही. पूर्वेकडच्या लांब खोलीत तापाच्या मुली आणि पश्चिमेकडच्या खोलीत भीतीच्या मुली, अशी आमची वाटणी झाली होती. दुसरी खोली अधिक भरलेली होती. तिथे खोकल्याचा एक ठसका उठला की साऱ्या माना एकदम वळत, आणि जिला ठसका लागे ती अपराध्यासारखी खाली बघे.

तशातही अक्कांचा मिस्कीलपणा सुटला नव्हता. सुमन नावाची एक मुलगी रोज सकाळी त्यांच्यापुढे उभी राही.

“अक्का, मला ताप आलाय.”

“कालबी व्हता का?”

“काल डोकं दुखत होतं.”

“आन परवा पोट. तुना ताप हिंडता-फिरता शे वं!”

आम्ही हसत असू. पण हसू ओसरल्यावर अक्का तिला जवळ बसवून तांदूळ निवडायला देत, आणि निवडता निवडता ती हळूहळू खरे काय ते बोलू लागे. धाकट्या बहिणीचे, घरी न पोहोचलेल्या निरोपाचे.

मंदा मात्र बोलेना. ती यावलकडची, केळीच्या मळ्यांतली; माझ्या शेजारच्या खाटेवरची. साथीच्या आरंभी, फाटक बंद होण्याआधी, तिला ताप आला तेव्हा तिची आई धावत आली होती. उशाशी बसून लेकीचे अंग पुसून ती परत गेली, ती कणकण घेऊनच. पुढे मंदा बरी झाली. मग श्रावणात तिच्या गावचा एक गृहस्थ फाटकाशी आला आणि गजांपलीकडून म्हणाला, “बरंय बठ्ठं घरी. औंदा तुमच्याकडे कानबाई नाही बसवत, तेवढंच.” एवढे बोलून तो लगबगीने निघून गेला.

कानबाई! खानदेशातल्या घरात त्या देवीच्या रोटांसाठी माणसामाणसाच्या नावाने मुठीने गहू मोजतात. परगावी असलेल्याचीही मूठ चुकत नाही. ती बसवायची राहते ती एकाच कारणाने: घरात मृत्यू झाला तर. त्या गृहस्थाने जे झाकले, ते त्याच वाक्याने उघडे केले होते. मंदा गजांना धरून तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून तिचे जेवण तुटले. “मीच दिला आईला ताप,” एवढेच एकदा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

कुणी म्हणाले, अगं, नसेल तसे काही. कुणी शपथा घेतल्या. अक्का तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “माले माहीत नही, माय. माहीत पडनं म्हंजे पैले तुलेच सांगसू.” मला तेव्हा तो कठोरपणा वाटला. खोटा का होईना, एक शब्द द्यायला काय जाते?

दुसऱ्या सकाळी विहिरीच्या रहाटाला दोर नव्हता. “कुजेल शे तो. कोन पडनं म्हंजे?” असे म्हणत अक्कांनी तो आपल्या खोलीत कुलपात ठेवला होता. दोर चांगला नवा, काथ्याचा होता. मुली कुरकुरल्या, मंदा एकटीच कुरकुरली नाही, आणि तेव्हा दोर कुणासाठी लपवला ते मला उमगले.

त्याच दिवशी अक्कांनी मंडळाचा हुकूम मोडला. पातळाचा पदर खोचून त्या मंदाच्या गावी निघाल्या. जाताना माझा दंड धरून म्हणाल्या, “हिले एकली सोडू नको. संडासले गयी तरी दारशी उभी ऱ्हाय.” फाटक वाजले. मी आणि मंदा खिडकीशी बसलो. भिजलेल्या धोंड्यांवरून एखादी बैलगाडी जाई, तिच्या घुंगरांबरोबर मंदाचा श्वास थांबे आणि पुन्हा सुरू होई. मला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

अक्का परतल्या त्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. पातळ गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. पाणी पुढे केले तर त्यांनी हाताने दूर सारले आणि मंदासमोर उकिडव्या बसल्या.

“तुनी माय जित्ती शे. मी तिना हातनं चहा पिनू. अशक्त शे, पन जित्ती शे.” त्या क्षणभर थांबल्या. “काकू गयी तुनी. मायनी सेवा करता करता तिले ताप उना.”

मंदाने विचारले, “माझ्यामुळे?”

आम्हां सगळ्यांच्या ओठांवर एकच उत्तर होते. अक्कांनी ते दिले नाही.

“व्हई. नहीबी व्हई. माले माहीत नही. कोनलेच माहीत नही.”

मंदाने त्यांच्या गुडघ्यावर डोके टेकले आणि त्या चिखलाच्या पातळात तोंड खुपसून ती रडली. पहिल्यांदाच, मोठ्याने, काकूचे नाव घेऊन. आईला जिवंत मानायला तिला काही अडचण पडली नाही. ज्या तोंडाने काकूचा मृत्यू सांगितला, त्याच तोंडाने आई असल्याचे सांगितले होते.

मंडळाने अक्कांना दिवाळीनंतर कामावरून कमी केले. त्या जळगावला भावाकडे गेल्या. निरोप घ्यायलाही आम्हांला सवड मिळाली नाही. मंदा परीक्षेला बसली, पुढे शिक्षिका झाली. मीही जामनेरच्या शाळेत लागले.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी मंदा न कळवता माझ्या दारात आली. “अक्का गेल्या,” ती म्हणाली. कशाने गेल्या, उशाशी कोण होते, शेवटी काय बोलल्या, तिला ठाऊक होते ते सारे तिने सांगितले. मी विचारले, “फार त्रास झाला का गं त्यांना?”

मंदाने माझा हात हातात घेतला.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.